कमांडर कालकेतूची पायताणं

विज्ञानपटातल्या हुकूमशाही राज्याचा सेनापती लांबूनही ओळखू येतो. गाल आत गेलेले, ओठ मिटलेले, कॉलर गळ्यापर्यंत बंद आणि हात पाठीमागं बांधलेले. समोर एक अख्खा ग्रह जळून खाक होतो आणि हा माणूस दुधाचं बिल तपासावं तशा चेहऱ्यानं तिकडं बघत राहतो. त्याला कधी शिंक येत नाही. बायकोचा फोन येत नाही. भविष्यकाळातल्या प्रजेला घोटभर पाण्यासाठी रांगेत उभं राहावं लागतं, पण याच्या गणवेशाची इस्त्री मोडत नाही. ती कोण करून देतं, हे एकाही सिनेमात दाखवलेलं नाही.

मला याचं उत्तर माहीत आहे. बायको करून देते, आणि करताना बोलते.

गेल्या गणेशोत्सवात आमच्या पेठेतल्या तालीम मंडळाच्या देखाव्यात मी कमांडर कालकेतू होतो. बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. कोल्हापुरात गणपतीपुढची आरास मखर आणि चार माळा एवढ्यावर भागत नाही. राजारामपुरी तांत्रिक देखाव्यांसाठी प्रसिद्ध. तिकडं यंत्रावर राक्षस उठून बसतो, नाग फणा काढतो. आमच्या जुन्या पेठांचा जीव सजीव देखाव्यात. गल्लीत चार फूट उंचीचं स्टेज बांधायचं, संवाद आणि संगीत आधीच रेकॉर्ड करून ठेवायचं आणि गल्लीतल्याच माणसांनी त्यावर नुसते ओठ हलवायचे. पंधरा मिनिटांचा खेळ झाला की पडदा, जुनी गर्दी पुढं सरकते, नवी येते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. घरच्या गौरी-गणपतींचं विसर्जन झालं की गावच्या गाव हे बघायला बाहेर पडतं. खांद्यावर पोर, हातात भेळ, आणि तोंडात ‘‘आदल्या वर्षी भारी हुतं’’ हे मत.

आमच्या मंडळानं आजवर अफझलखान इतक्या वेळा मारला होता, की खानाचं काम करणाऱ्या गृहस्थांना किराणा दुकानातही खानसाहेब म्हणत. यंदाच्या बैठकीत पोरं अडून बसली.

‘‘ह्या वर्षी सायन्स फिक्शन. विषय हार्ड.’’

‘‘त्यात बाप्पा कुठं येतोय?’’ ज्येष्ठांचा सवाल.

‘‘येतो की दादा. शेवटी येतो. सगळं हातातनं गेल्यावर.’’

तरीही ज्येष्ठ बधेनात. तेव्हा एका पोरानं बिनतोड मुद्दा काढला. ‘‘जयंत नारळीकरांचा जन्म कुठला? कोल्हापूरचा, 1938 चा. मग हे खूळ बाहेरचं कसं?’’ एखाद्या गोष्टीचा कोल्हापूरशी संबंध निघाला की आमच्याकडं विरोध मावळतो. ठराव एकमतानं पास झाला.

नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावानं. आपल्या नावाच्या वजनावर बक्षीस मिळायला नको, हा विचार. आमचा लेखक इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. त्याचं नाव फोटोसकट फ्लेक्सवर आधी झळकलं, संहिता नंतर आली.

संहिता अशी. साल 2084. ऑर्वेलच्या 1984 मध्ये शंभर मिळवून लेखकानं विज्ञान संपवलं होतं. पुढं सगळं फिक्शन. पृथ्वीवर महासंगणकाचं राज्य. रंकाळा आटलेला, पंचगंगेच्या पात्रात रोबोंची छावणी, माणसांना दोन वेळच्या जेवणाऐवजी एक गोळी. तांबडा आणि पांढरा, दोन्ही रस्से कायद्यानं बंद. हा कायदा राबवणारा निर्दय सेनापती म्हणजे कमांडर कालकेतू. अखेरीस एक चिमुरडी घरात लपवलेलं आंब्याचं रोप घेऊन पुढं येते, रोबो गुडघे टेकतात, बाप्पा प्रकट होतात आणि झाडं लावायला सांगतात. परीक्षकांना सामाजिक संदेश लागतो.

कालकेतूसाठी माझं नाव सुचलं, कारण मी एका पतसंस्थेत वसुली अधिकारी आहे. वसुलीवाला म्हणजे दगडाच्या काळजाचा, हा मंडळाचा कयास. आमच्या ऑफिसातल्या शिपायाला विचारलं असतं तरी खरं काय ते कळलं असतं. थकबाकीदाराच्या दारात उभं राहून मी ‘‘साहेब आहेत का हो घरात?’’ असं इतक्या अदबीनं विचारतो, की साहेब स्वतःच खिडकीतून ‘‘नाहीत’’ म्हणून सांगतात. कुठल्याही घरातून मी चहा घेऊन परततो, गुऱ्हाळाच्या हंगामात काकवी घेऊन परततो. हप्ता तेवढा राहतो.

गणवेशाची तयारी मात्र जोरात झाली. ‘‘बाबूराव पेंटरांनी ह्याच गावात हातानं कॅमेरा बनवला, आन् आपल्याला हेल्मेट जमंना?’’ असं म्हणत शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला असलेल्या पोरांनी रोबोंची चिलखतं पत्र्यातून अशी वाकवली, की बघत राहावं. कोपराला बिजागरी, छातीत लुकलुकणारा लाल दिवा. त्यात मंडळाचा पैसाही संपला आणि पोरांची हौसही. सेनापतीच्या वाट्याला आला ओळखीच्या वकिलाचा काळा कोट, सोफ्याच्या उरलेल्या रेक्झिनची कॉलर आणि ड्रेपरीवाल्याकडून भाड्यानं आणलेले गुडघ्यापर्यंतचे बूट. छातीवर पदकं पाहिजेत म्हणून मंडळाच्या कपाटातले आजवरच्या कार्यक्रमांचे बिल्ले काढून ओळीनं टाचले. ‘अवतार’मधल्या कर्नल क्वारिचच्या डोक्यावर ओरखड्यांचे व्रण आहेत, तसे बायकोनं आयब्रो पेन्सिलनं माझ्या टकलावर काढले. ‘‘जागा भरपूर आहे, अजून काढू का?’’ हेही तिनं विचारलं.

तालमीत दिग्दर्शक म्हणाला, ‘‘काका, डोळ्यांत जरा हिंसा आणा.’’ घरी आरशासमोर उभं राहून मी आणली. बायकोनं स्वयंपाकघरातून डोकावून बघितलं आणि मुकाट्यानं ओवा आणि काळं मीठ आणून दिलं.

आवाजाचा प्रश्न दिग्दर्शकानं पहिल्या दिवशीच निकालात काढला होता. माझा आवाज ऐकून तो एवढंच म्हणाला, ‘‘ओठ चांगले हलवता तुम्ही.’’ कालकेतूचे संवाद रेकॉर्ड केले ते कुस्त्यांच्या मैदानात निवेदन करणाऱ्या एका गृहस्थांनी. शाहू महाराजांच्या खासबाग मैदानात पार शेवटच्या पायरीवर बसलेल्या माणसाच्या अंगावर काटा यावा, असा आवाज. अडचण एकच. जन्माची सवय सुटेना. ‘‘महासंगणकाच्या शत्रूंनो, सावधान!’’ एवढं बोलून ते जो दम घेत, त्यात पुढं आता पट निघणार आणि समोरचा चितपट होणार, असं वाटत राही. मृत्युदंड सुनावताना तर त्यांच्या तोंडून ‘निकाली’ हा शब्द निघूनच गेला. लेखकाला तो आवडला. राहिला.

पहिल्या रात्री कळलं, बूट सात नंबरचे आणि माझा पाय नऊ नंबरचा. ड्रेपरीवाला म्हणाला, ‘‘स्टेजवर कोण बघतंय? रेटा.’’ रेटले. पहिल्या खेळात पायाची कळ चेहऱ्यावर उतरली आणि ती क्रौर्य म्हणून खपून गेली. दिग्दर्शक विंगेतून अंगठा दाखवत होता. पण खेळामागून खेळ होत गेले तसं क्रौर्य वाढत जाऊन माझ्या डोळ्यांना पाणी यायला लागलं. ‘‘दया हा शब्द माझ्या शब्दकोशात नाही!’’ असं निवेदकाचा आवाज गरजत होता, आणि मी महासंगणकाच्या पुठ्ठ्याच्या खांबाला धरून गालावरचे अश्रू पुसत होतो. पडदा पडल्यावर एक आजी बाजूनं वर येऊन म्हणाल्या, ‘‘त्याच्या मनात नसतंय हो. वरनं हुकूम येतोय बिचाऱ्याला.’’ बूट उतरवायला दोन रोबो लागले. एकानं पाय धरला, एकानं मला.

दुसऱ्या दिवशी भाचा हळदीचा लेप लावलेले माझे पाय बघून म्हणाला, ‘‘मामा, टेन्शन नाय घ्यायचं. टार्किनचं पण असंच झालतं.’’

टार्किन हा कुणी आमच्या नात्यातला नव्हे. 1977 च्या ‘स्टार वॉर्स’मधला ग्रँड मॉफ टार्किन, एका हुकमासरशी एक ग्रह उडवून देणारा थंड रक्ताचा सेनापती. पडद्याच्या इतिहासात त्याच्याइतका कोरडा चेहरा शोधून सापडायचा नाही. ते काम करणाऱ्या पीटर कुशिंगला दिलेले बूट अतोनात घट्ट होते. त्यानं जॉर्ज लुकासला सांगून घरात घालायच्या सपाता चढवल्या आणि कॅमेरा होता होईल तो गुडघ्यांच्या वरच ठेवायची विनंती केली. म्हणजे तिकडं ग्रहाच्या ठिकऱ्या उडत होत्या आणि इकडं हुकूम देणारा माणूस सपाता घालून ऐसपैस उभा होता. त्याच्यावर दातओठ खाणारी राजकन्या झालेली कॅरी फिशर पुढं सांगायची, की इतक्या सज्जन म्हाताऱ्याचा द्वेष करायचा कसा, हेच तिला कळत नसे.

भाचा तिथं थांबला नाही. डार्थ व्हेडरचं अंग डेव्हिड प्राऊज नावाच्या ब्रिस्टलच्या वेटलिफ्टरचं, आणि आवाज जेम्स अर्ल जोन्सचा. प्राऊज सेटवर स्वतःचे संवाद त्याच्या गावाकडच्या हेलात म्हणायचा, म्हणून बाकीचे त्याला ‘डार्थ फार्मर’ म्हणत. मी उठून बसलो. एकाचं अंग, दुसऱ्याचा आवाज, वर काळं हेल्मेट! मग जगाला धडकी भरवणारा हा सेनापती म्हणजे आमच्या पेठेतला सजीव देखावाच की. फरक एवढाच, की त्यांच्या आवाजवाल्याला कुस्तीचा नाद नव्हता.

त्या संध्याकाळी मी बूट बाजूला ठेवले आणि घरातली कापशी चप्पल पायात सरकवली.

इथं एक बारीकसा तांत्रिक मुद्दा आमच्या दोघांच्याही लक्षात आला नाही. लुकासकडं कॅमेरा होता, तो गुडघ्यावर थांबवता येत होता. आमच्याकडं चार फुटी स्टेज होतं. रस्त्यावर उभ्या माणसाला सेनापतीचं काय दिसतं? डोळ्यांच्या रेषेत, अगदी समोर, पहिल्यांदा दिसतात ते पाय. कोट, कॉलर, व्रण ही पुढची गोष्ट. त्यासाठी मान वर करावी लागते.

पडदा उघडला. निळा उजेड, धूर, दोन्ही बाजूंना रोबो. महासंगणकाच्या दारातून कमांडर कालकेतूचं आगमन. आणि त्या गंभीर शांततेत आवाज आला, कर्र. कर्र. कर्र. आरतीचा माइक स्टेजच्या कडेला चालूच राहिला होता. चप्पल नवी होती आणि भरपूर वाजत होती. चारी स्पीकरमधून ती अख्ख्या गल्लीला ऐकू गेली.

गर्दी क्षणभर स्तब्ध. मग पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेले एक फेटेवाले आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, आणि माइकनं तेही टिपलं, ‘‘सेनापती हाय न्हवं त्यो? मग कापशीच घालणार की. बूट कशाला घालंल?’’

यातला विनोद कोल्हापूरकरांना सांगावा लागत नाही. कागल तालुक्यात सेनापती कापशी नावाचं गाव आहे. औरंगजेबाच्या फौजेची झोप उडवणारे मराठ्यांचे सेनापती संताजी घोरपडे, त्यांच्या वंशजांचं हे गाव. आणि कोल्हापुरी चपलेतला कापशी हा प्रकारही नाव सांगतो तो याच गावाचं. 2084 साली माणूस रोबोंचा सेनापती जरी झाला, तरी पायात कापशी असणं हे आजोबांच्या दृष्टीनं इतिहासाला धरूनच होतं. टाळ्या पडल्या. त्या भीतीच्या नव्हत्या.

मी ओठ हलवत राहिलो. निवेदकाचा आवाज घुमला, ‘‘आजपासून या पृथ्वीवर रस्सा बंद!’’ इथं संहितेनुसार प्रेक्षकांनी हादरायचं होतं. त्याऐवजी खांद्यावर बसलेलं एक पोर माझ्या छातीकडं बोट दाखवत, नुकतंच वाचायला शिकलेल्या मुलाच्या उत्साहानं, एकेक अक्षर जोडत ओरडलं, ‘‘भो-ज-न स-मि-ती!’’ मी खाली बघितलं. शौर्याच्या पदकांमधला मधला, सगळ्यात मोठा बिल्ला कुठल्याशा महाप्रसादाचा होता. त्याच्या शेजारचा ‘चप्पल स्टँड – स्वयंसेवक’.

‘‘आरं, ह्योच वाढपी आन् ह्योच रस्सा बंद करतोय व्हय!’’ मागून कुणीतरी म्हणालं.

एवढ्यावर निभावलं असतं. पण पेन ड्राइव्ह अडकला. ‘‘हा माझा हुकूम... हुकूम... हुकूम... हुकूम...’’ मी हुकमासाठी हात वर केलेला. प्रत्येक हुकमाला तो झटक्यानं खाली-वर करणं भाग होतं, नाहीतर ओठ आणि आवाज यांची फारकत झाली असती. रोबोंना वाटलं, नवीन कवायत बसवली आहे. तेही हात हलवू लागले. पत्र्याच्या बिजागऱ्या खडखडायला लागल्या. चिमुरडी रोप घेऊन वेळेआधीच आली आणि मला हात हलवताना बघून टाटा करायला लागली. आणि ह्या ऐन रंगात वीज गेली.

अंधार. आवाज बंद. रोबोंच्या छातीतले सेलवरचे लाल दिवे तेवढे लुकलुकत होते, आणि त्यांच्या उजेडात कापशी चप्पल घालून मी उभा. मंडळाची इभ्रत एका माणसाच्या घशावर येऊन ठेपली. मी छाती भरून श्वास घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत ओरडलो,

‘‘कुणीही जागचं हलायचं नाही!’’

जो आवाज निघाला, तो पतसंस्थेतला होता. पाठोपाठ सवयीनं, अगदी आपसूक, ‘‘...कृपया’’ हाही शब्द निघाला.

गर्दीतून एक तरणा आवाज आला, ‘‘आम्ही टोल दिला न्हाई, तुझं ऐकतोय व्हय!’’ आणि मग जे हसू फुटलं, त्यात अंधारातली अख्खी गल्ली सामील होती. या गावानं वर्षानुवर्षं मोर्चे काढून शहरातले टोलनाके उठवायला लावले. सरकारला, ठेकेदाराला जी माणसं दबली नाहीत, ती भोजन समितीच्या बिल्ल्याला दबतील हा अंदाज लेखकाचा चुकला. इंजिनिअरिंगला समाजशास्त्र नसतं.

त्या अंधारात उभ्या उभ्या मला विज्ञानपटातल्या सेनापतींचं मर्म उमगलं. तो एकट्यानं कडक नसतोच. आवाज दुसऱ्याचा, बूट पडद्याबाहेर, पार्श्वसंगीत भाड्याचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे समोर अशी प्रजा, जिला हा कुणाचा कोण हे ठाऊक नाही. टार्किनच्या त्या अवकाशातल्या तळावर एक जरी शेजारीण असती, आणि तिनं ‘‘अय्या, भावजी, सपाता घालूनच आलात?’’ असं विचारलं असतं, तर तो ग्रह वाचला असता. हुकूमशाहीला फौज लागते, वीज लागते, पण त्याआधी अनोळखी माणसं लागतात. जिथं सेनापतीची आई कुणाच्या तरी भिशीत आहे आणि त्याचा पाय सुजलाय हे दूधवाल्यालाही माहीत आहे, त्या पेठेत 2084 साली काय, कधीच महासंगणकाचं राज्य यायचं नाही. आलंच, तर त्याला वर्गणी मागतील.

पुढचे सगळे दिवस आमच्या देखाव्याला रेटारेटीची गर्दी झाली. पोरांनी हुशारी केली. अडकलेला हुकूम, चपलेचा माइक आणि ‘कृपया’ हे तिन्ही खेळात कायम केलं. भोजन समितीचा बिल्ला लांबून वाचता यावा म्हणून मोठा करून घेतला. स्पर्धेत आम्ही ‘थरारक देखावा’ म्हणून नाव दिलं होतं. बक्षीस मिळालं ते उत्कृष्ट विनोदी देखाव्याचं. लेखक दोन दिवस जेवला नाही, तिसऱ्या दिवशी बक्षिसाच्या पैशातून रस्सामंडळ झालं तेव्हा मात्र पांढरा रस्सा वाटीवर वाटी प्याला.

मला वाटलं, आता थकबाकीदार दारातही उभं करणार नाहीत. विसर्जनानंतरच्या सोमवारी लंगडतच ऑफिसला गेलो. तर काउंटरसमोर एक जुने, मुरलेले थकबाकीदार स्वतःहून हजर. ज्यांच्या खिडकीनं मला आजवर ‘नाहीत’ म्हणून सांगितलं होतं, तेच. हातात हप्त्याचे पैसे, आणि कागदात गुंडाळलेली कुठल्याशा वैद्याची तेलाची बाटली.

‘‘साहेब, देखाव्यात बघितलं तुम्हाला. लई हाल झाले हो पायाचे. बरं वाटंपतुर आमच्या गल्लीत चढून येऊ नका. मीच आणून भरत जातो.’’

ते गेले, पेठेत बोलले, आणि त्या आठवड्यात आणखी बरेच जण आले. कुणी हप्ता आणला, कुणी हप्ता आणि लेप. वसुलीचा तक्ता महिनाअखेरीस चढता दिसला. व्यवस्थापकांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं, चहा मागवला आणि आवाज खाली आणून विचारलं,

‘‘काय हो, पाय बरा झाला तरी मार्चअखेरपर्यंत तुम्हाला लंगडता येईल का?’’